पुस्तक मिटून करायची उजळणी: दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी

जानेवारी उजाडला की दहावीच्या मुलांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सगळं वाचून झालंय, पण पेपरात आठवेल की नाही, सांगता येत नाही." मी संध्याकाळी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या मुलांना शिकवते आणि दरवर्षी हे वाक्य ऐकते. असं म्हणणारी मुलं आळशी नसतात. त्यातली बरीचशी पहाटे उठून बसलेली असतात. धडा तीन-चारदा वाचलेला असतो, पुस्तकाची पानं पिवळ्या-गुलाबी हायलायटरनं रंगलेली असतात. आणि तरीही कोरा कागद पुढे ठेवून "ब्राझीलच्या अजस्र कड्याबद्दल चार ओळी लिही" म्हटलं की पेन जागच्या जागी थांबतं.

हे का होतं ते आधी समजून घेऊ. ते एकदा कळलं की उजळणी कशी करायची, यातलं निम्मं आपोआप उलगडतं.

ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं

लग्नात समोरून एखाद्या बाई येतात. चेहरा पाहताक्षणी ओळखतो, नाव मात्र काही केल्या ओठावर येत नाही. डोक्यात ही दोन वेगळी कामं चालतात. धडा चौथ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, डोळे सरसर पुढे जातात आणि मनाची खात्री पटते की आपल्याला हे येतं. खरं तर आपण ते फक्त ओळखलेलं असतं. परीक्षेत पुस्तक समोर नसतं. तिथे आतून बाहेर काढायचं असतं, आणि त्याचा सराव आपण एकदाही केलेला नसतो.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटानं एक उतारा चारही फेऱ्यांत फक्त वाचला. दुसऱ्या गटानं तो पहिल्या फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर पुन्हा तपासलं. आता वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. आणि आठवड्यानंतर आपल्याला जास्त आठवेल, असा भरवसा जास्त वाटत होता तो मात्र फक्त वाचणाऱ्यांनाच. सगळं वाचून झालेलं पेपरात का आठवत नाही, ते या प्रयोगात दिसतं.

दुसरी गोष्ट विसरण्याची. जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त विसरलं जातं ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत. नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणजे आज शिकलेला धडा थेट महिन्यानं उघडला तर तो जवळजवळ नव्यानं शिकावा लागतो. तोच परवा, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी आठवून पाहिला तर प्रत्येक वेळी कमी वेळ लागतो आणि तो टिकतोही जास्त.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यातलं बरंच सवयीनं माहीत होतं. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा व्हायचा. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडी. पुस्तक नाही, रोज थोडंच, आणि आजोबा मधूनच विचारायचे, "सतरा सत्ते?" उजळणी हा शब्दही त्याच घरातला. तांब्याचं भांडं दिवाळीला एकदा जोर लावून घासलं म्हणून वर्षभर लखलखत नाही. चार-चार दिवसांनी चिंचेचा हात फिरवावा लागतो. आपण पाढ्यांसाठी हे केलं, मग दहावीला येऊन भूगोलासाठी मात्र नुसतं वाचत बसलो.

रोज काय करायचं

धडा एकदा नीट वाचा, समजून घ्या. मग पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा: मुद्दे, आकृती, सूत्र, बाणांनी जोडलेले शब्द, काहीही. दहा मिनिटं डोक्याला ताण द्या. "आठवत नाहीये" असं वाटून जीव कासावीस होतो, तेव्हाच खरं काम चाललेलं असतं, म्हणून लगेच पुस्तक उघडू नका. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरा. पुढच्या वेळी फक्त लाल भागाकडे लक्ष द्या.

जुन्या कॅलेंडरच्या पानामागे सगळ्या विषयांचे धडे एकाखाली एक लिहून भिंतीवर लावा. धडा आठवून लिहिला की पुढे तारीख टाका. कुठल्या धड्याला तीन आठवड्यांत हात लागलेला नाही, हे जाता-येता दिसतं. वेळापत्रक रंगवण्यात रविवार घालवण्यापेक्षा हा कागद जास्त उपयोगाचा.

दिवसभर एकच विषय घेऊन बसू नका. गणिताचा एक तास, मग इतिहास, मग विज्ञान. विषय बदलला की मन ताजं होतं, आणि मधल्या वेळात विसरलेलं पुन्हा आठवावं लागतं हा फायदा वेगळाच. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उपडा करून शेजारी ठेवलेला फोनही लक्ष खातो.

माझ्याकडे एक मुलगी यायची. आई शेतात मजुरीला जाणारी, चौथीपर्यंत शिकलेली. आई भाकऱ्या थापत असताना ही चुलीजवळ बसून त्या दिवसाचा विज्ञानाचा धडा तिला सांगायची. आई मध्येच विचारायची, "म्हंजे काय गं?" मुलगी जिथे अडखळायची तिथे वहीत खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेवढंच मला विचारायची. घरी शिकवणारं कोणी नाही, असं अनेक मुलांना वाटतं. ऐकणारं माणूस घरात असलं तरी खूप झालं. आजीच्या हातात प्रश्न-उत्तराच्या चिठ्ठ्या दिल्या तर तीही परवचा घेऊ शकते.

गणित: सूत्र कोणतं, हे आपलं आपण ओळखायचं

गणितात मुलं एक चूक अगदी मन लावून करतात. अंकगणिती श्रेढीचा एक सरावसंच घेतात आणि त्यातली सगळी उदाहरणं ओळीनं सोडवतात. सगळी येतात, कारण त्या सरावसंचात एकच सूत्र लागतं. उदाहरण वाचायच्या आधीच उत्तराची वाट माहीत असते. पेपरात हे सांगायला कोणी नसतं.

साधं उदाहरण घ्या. एका नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत १८ खुर्च्या आहेत आणि पुढच्या प्रत्येक रांगेत ३ वाढतात. बाराव्या रांगेत किती खुर्च्या? इथे बारावं पद हवं: १८ + ११ × ३ = ५१. आता प्रश्न जरा बदला: पहिल्या बारा रांगांत मिळून किती खुर्च्या? आता बेरीज हवी: १२ ÷ २ × (१८ + ५१) = ४१४. आकडेमोड दोन्हीकडे सोपी आहे. मार्क जातात ते "बाराव्या रांगेत" आणि "बारा रांगांत मिळून" यांतला फरक न दिसल्यामुळे. तो दिसायची सवय एकाच प्रकारची वीस उदाहरणं सोडवून लागत नाही.

रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींची घनफळं काढायला शिकवली. एका गटानं एका आकृतीची सगळी उदाहरणं संपवून दुसरी घेतली, दुसऱ्या गटाला सगळी मिसळून दिली. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, दुसऱ्याची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला, मिसळून सराव केलेला गट ६३ टक्क्यांवर होता. आपल्या महत्त्वमापनाच्या प्रकरणात शंकू, शंकुछेद, वृत्तचिती, गोल असेच शेजारी-शेजारी बसलेले आहेत, त्यामुळे हा निकाल मी मुलांना आकड्यांसकट सांगते.

करायचं काय, तर वेगवेगळ्या प्रकरणांतल्या उदाहरणांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि रोज पाच उचला. वर्गसमीकरण निघेल, मग संभाव्यता, मग अर्थनियोजन. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी असलेला संकीर्ण प्रश्नसंग्रह बरीच मुलं वेळ नाही म्हणून सोडून देतात. उजळणीसाठी सुरुवात तिथूनच करावी.

भूमितीत प्रमेयाची सिद्धता डोळ्यांनी वाचू नका. आकृती काढा, पक्ष आणि साध्य लिहा, पुस्तक मिटा, सिद्धता लिहा, प्रत्येक पायरीपुढे कारण लिहा. अडलात ती पायरी तुम्हाला समजलेली नाही, असं धरून चाला. भौमितिक रचना तर हातानंच येतात. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची कृती दहादा वाचणारा मुलगा पेपरात कंपास कुठे टेकवायचा इथेच अडतो. टोकदार पेन्सिल आणि न हलणारा कंपास, यांची सोय आजच करा.

विज्ञान: एका कारणाखाली तीन उत्तरं

विज्ञानाच्या दोन्ही भागांत "शास्त्रीय कारणे लिहा" हा प्रश्न असतो आणि मुलं ती कारणं सुटी-सुटी पाठ करतात. उष्णतेच्या प्रकरणातली ही तीन वाक्यं पाहा: थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात. तळं वरून गोठलं तरी खाली मासे जगतात. बर्फ पाण्यावर तरंगतो. तीन प्रश्न, तीन उत्तरं, असं धरलं तर ओझं तिप्पट. "का?" विचारत खाली जा. मासे का जगतात? तळाशी ४ अंश सेल्सिअसचं पाणी असतं. ते तळाशीच का? ४ अंशांना पाण्याची घनता सगळ्यात जास्त असते. त्याखाली थंड होताना पाणी आकुंचन पावायचं सोडून प्रसरण पावतं. आकारमान वाढलं म्हणून नळ फुटतो, घनता कमी झाली म्हणून बर्फ वर तरंगतो. पाण्याचं असंगत आचरण हे एक मूळ हाती लागलं की तिन्ही उत्तरं तुम्ही तिथल्या तिथे बांधू शकता.

भिंगांच्या प्रतिमांच्या तक्त्याचंही तसंच. वस्तू कुठे, प्रतिमा कुठे, किती मोठी, सुलट की उलट, हे सगळं घोकण्यापेक्षा दोन किरण काढायला शिका: मुख्य अक्षाला समांतर येणारा आणि भिंगाच्या मध्यातून सरळ जाणारा. ते जिथे भेटतील तिथे प्रतिमा. तक्ता विसरलात तरी मिनिटभरात पुन्हा तयार करता येतो. रासायनिक समीकरणं संतुलित न करता चिठ्ठीच्या एका बाजूला लिहा, संतुलित रूप मागे. विद्युत मोटर आणि जनित्राच्या आकृत्या नावांसकट आठवून काढा. दोन्हींत नेमका फरक कुठे आहे, ते पाहून काढताना सुटतं आणि आठवून काढताना लगेच टोचतं.

इतिहास आणि भूगोल

शिवाजी महाराजांच्या गोष्टींमुळे इतिहास आवडलेली मुलं दहावीचं पुस्तक उघडून हिरमुसतात, कारण सुरुवातच इतिहास कसा लिहिला जातो इथून होते. रांके, व्होल्टेअर, मार्क्स अशी युरोपातल्या विचारवंतांची नावं आणि इतिहास कसा लिहावा याबद्दल प्रत्येकाचं एकेक मत. पाठ केलं तर दोन दिवसांत सगळी नावं एकमेकांत मिसळतात.

मी मुलांना एक प्रश्न घालते: महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळाचा इतिहास या तिघांनी कसा लिहिला असता? रांके आधी मूळ कागदपत्रं शोधतील: सरकारी आदेश, दुष्काळी कामांवरची हजेरीपत्रकं. व्होल्टेअर शेती, बाजारभाव, लोकांचं खाणंपिणं, चालीरीती बघतील. मार्क्स विचारतील की विहीर कोणाची होती आणि खडी फोडायला कोण गेलं. एवढं झालं की मुलं घरी जाऊन आजीला विचारतात, आणि ती दुष्काळात खायला मिळणाऱ्या सुकडीबद्दल, खडीच्या कामाबद्दल सांगते. मग मौखिक साधनं म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. अमूर्त मत ओळखीच्या घटनेला बांधलं की ते सुटत नाही. कल्हण, राजतरंगिणी, बारावं शतक अशी सुटी माहिती मात्र चिठ्ठ्यांवरच ठेवा आणि रोज फिरवा.

राज्यशास्त्राला ४० पैकी १२ गुण आणि धडे पाचच, तेही छोटे. शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवून ते वाया घालवू नका. मतदाराचं वय २१ वरून १८ कधी झालं, ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती कशासाठी, पहिले मुख्य निवडणूक आयुक्त कोण, अशा चिठ्ठ्या बसच्या प्रवासातही होतात.

भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी ठेवलेत, आणि उजळणीही तशीच करावी. दोन्ही देशांचे कोरे नकाशे घ्या. पुस्तक मिटून विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त, नद्या, डोंगर भरा. ब्राझीलचा बराचसा भाग दक्षिण गोलार्धात आहे, हे नकाशावर दिसलं की डिसेंबरात तिथे उन्हाळा का, हे पाठ करावं लागत नाही. अजस्र कडा म्हणजे ब्राझीलच्या किनाऱ्यालगतचा उंच कडा, आणि त्याच्या पलीकडे पाऊस कमी का, हे कोडं आपल्याला तर घरबसल्या सुटतं. समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, कोकणात धो-धो पाऊस पडतो आणि घाटाच्या पलीकडे माण-खटाव कोरडे राहतात. ब्राझीलमध्ये अटलांटिकवरून येणाऱ्या आग्नेय वाऱ्यांना अजस्र कडा अडवतो, किनाऱ्याकडे पाऊस पडतो आणि कड्यापलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. तिथल्या त्या कमी पावसाच्या भागाला अवर्षण चतुष्कोन म्हणतात. सातारा-सांगलीकडच्या मुलांनी हे उत्तर चुकवायचं काहीच कारण नाही.

भाषा

मराठी आपलीच, म्हणून मुलं तिला सगळ्यात शेवटी हात लावतात. मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आणि १६ भाषाभ्यासाला असतात. म्हणजे अर्धा पेपर धडे-कवितांच्या बाहेरचा आहे. पत्र, सारांश, बातमी, निबंध हे वाचून येत नाहीत. आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून एकेक लिहा आणि कोणाकडून तरी तपासून घ्या. वृत्तांचे गण पाडणं आणि समासाचा विग्रह ही गणितासारखीच गोष्ट आहे, रोज दोन सोडवली तरी पुरे. संस्कृत घेतलं असेल तर शब्दरूपं-धातुरूपं परवच्यासारखी मोठ्यानं म्हणा. हिंदी आणि इंग्रजीच्या लेखनविभागालाही हाच नियम.

घड्याळाचा हिशेब

हा हिशेब मुलांना सांगितला की आश्चर्य वाटतं. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र यांचे पेपर ४० गुणांचे आणि दोन तासांचे, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं. भाषेचे पेपर ८० गुणांचे आणि तीन तासांचे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. वेळेची खरी ओढाताण भाषेत असते, आणि घड्याळ लावून सराव मात्र सगळे गणिताचाच करतात. २०२३ पासून मंडळ वेळ संपल्यावर दहा मिनिटं जास्त देतं. ती तपासण्यासाठी राखून ठेवा, नवीन प्रश्न सुरू करण्यासाठी नको.

पूर्वपरीक्षेचा पेपर हातात आला की गुण पाहून दप्तरात टाकू नका. एक चुकांची वही करा. प्रत्येक गमावलेल्या गुणापुढे कारण लिहा: येत नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. या चारही दुखण्यांवर औषधं वेगळी आहेत. प्रश्न न वाचल्यामुळे गुण गेलेल्या मुलीला आणखी दहा तास अभ्यास करायला सांगून काही होत नाही. तिला प्रश्नातल्या "फरक", "कारणे", "कोणतेही दोन" या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावावी लागते. अपेक्षित प्रश्नसंच वापरायला हरकत नाही, फक्त उत्तर आधी स्वतः लिहायचं आणि मग मागचं पान उघडायचं.

झोपेबद्दल पालकांना कळकळीनं सांगते. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेले दोन धडे सकाळी धूसर होतात आणि आधीचे येणारे चारही गडबडतात. पेपरच्या आदल्या रात्री नवीन काही उघडू नये. चुकांची वही आणि लाल पेनानं भरलेले कागद चाळावेत, हॉलतिकीट, पेनं, कंपासपेटी भरून ठेवावी आणि दहाला दिवा मालवावा.

पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवत उभं राहू नका. घरी या, जेवा, ते पुस्तक कपाटात ठेवा, तासभर पडा. चार वाजता पुढच्या विषयाचा कोरा कागद घ्या आणि पुस्तक न उघडता पहिल्या धड्यापासून लिहायला लागा.